एक लेन मोकळी करा

सकाळी सातची बॅच. पालिकेचा तलाव. पाण्यात चाळीसेक माणसं. त्यातली पोहणारी किती? भिंतीला टेकलेली वजा करा, उत्तर मिळेल.

उथळ बाजूला सहा जण कठड्यावर कोपरं टाकून उभे आहेत. विषय सोसायटीचं पार्किंग. समोरून एक बाई ब्रेस्ट स्ट्रोक मारत फेरी संपवायला येतात. भिंतीला हात लावायला वीतभर जागा नाही. त्या दोन हात अलीकडेच पाय टेकतात, वळतात, श्वास तुटतो, लय जाते. सहांपैकी एकही हलत नाही.

गप्पांना विरोध कोणाचा आहे? कट्टा आहे, टपरी आहे, बागेत बाक आहेत. तिथे गप्पा मारल्याने कुणाचा व्यायाम बंद पडत नाही.

इथे पडतो.

पोहणं म्हणजे काय, हे एकदा ठरवून टाकू. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. व्यायाम तेवढाच. बाकी सगळी आंघोळ.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये हिशेब सांगून ठेवला आहे. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा. ४५ मिनिटांची बॅच, आठवड्यातले चार दिवस, झाली १८० मिनिटं. गणित झकास जमतं. फक्त भिंतीला टेकून घालवलेली मिनिटं त्यात धरत नाहीत.

डॉक्टर म्हणतात, चाला. कुठे? फुटपाथवर? उखडलेले पेव्हर ब्लॉक, मध्येच दुकानाची पायरी, पुढे लावलेली दुचाकी, मग उघडं गटार. आधीच गुडघा दुखणाऱ्या माणसाला आपण या रस्त्यावर पाठवतो आणि व्यायाम कर म्हणून सांगतो.

आता पाण्याचं पाहा. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. ८० किलोचा माणूस ८ किलोंचा होतो. वजन कमी करण्याची इतकी झटपट युक्ती दुसऱ्या कोणाकडे नाही. तिचा फायदा पन्नाशीच्या गुडघ्याला विचारा.

बरं, भार गेला म्हणून मेहनत गेली असं नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. प्रत्येक हात मारताना ते ढकलावं लागतं. खांदे, पाठ, पोट, मांड्या, सगळे कामाला लागतात आणि सांध्याला दणका एकही बसत नाही. हे जिमच्या कुठल्या मशीनवर मिळतं?

गुडघेदुखी असलेल्यांनी मात्र एक जपावं. ब्रेस्ट स्ट्रोकची बेडकासारखी लाथ गुडघ्याला आतल्या बाजूने ताणते. त्यांनी फ्रीस्टाइल आणि बॅक स्ट्रोक धरावा. पोहण्याने गुडघा बरा व्हायला हवा, नवीन दुखणं लागायला नको.

मुरलीकांत पेटकर हे नाव सिनेमा आल्यावर घरोघर पोचलं. सांगली जिल्ह्यातला जवान, मुळात मुष्टियोद्धा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि शरीर अधू झालं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

सत्कार झाले, टाळ्या झाल्या. आता तुमच्या जवळच्या तलावावर जा आणि अधू पायांच्या माणसाला पाण्यात उतरायची सोय शोधा. उतार सापडतो? पाळणा सापडतो? सापडते ती उभी, निसरडी, स्टीलची शिडी.

पण सार्वजनिकच तलाव कशाला, आता प्रत्येक टॉवरखाली एक असतोच की, असं कुणी म्हणेल. त्या तलावात एकदा उतरून पाहा. वाकडातिकडा आकार, लांबी जेमतेम दहा-बारा मीटर, मध्ये एक कारंजं. चार हात मारले की भिंत. तो पोहण्यासाठी बांधलेलाच नाही. तो माहितीपत्रकातल्या फोटोसाठी बांधला आहे.

क्लब आहेत. त्यांची मेंबरशिप लाखांत आहे. म्हणजे नाहीत.

तेव्हा उरतो तो पालिकेचा तलाव. सरळ, चौकोनी, २५ किंवा ५० मीटरचा. ५० मीटरच्या २० फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर, २५ मीटरच्या ४०. शाळामास्तर, बँकेतला कारकून, रिक्षावाला, निवृत्त नर्स, सगळ्यांना परवडेल असा हा शहरातला बहुधा एकमेव पुरेपूर व्यायाम. तोच आपण भिंतीला टेकून वाया घालवतो.

बरेच जण मनापासून सुरुवात करतात आणि दोन फेऱ्यांत धापा टाकतात. मग ठरवतात, आपला स्टॅमिना गेला. स्टॅमिना कुठेही गेलेला नसतो. श्वास सोडायचा राहून गेलेला असतो.

लहानपणी विहिरीत शिकलेला माणूस डोकं बाहेर काढून पोहतो. डोकं वर आलं की पाय खाली जातात. पाय खाली गेले की आडवं शरीर तिरकं होतं आणि सगळी ताकद पाणी कापण्याऐवजी स्वतःला वर धरण्यात जाते. शिवाय तो श्वास कोंडून धरतो आणि डोकं वर आल्यावर सोडणं, घेणं दोन्ही एका क्षणात उरकायला बघतो. धाप लागणार नाही तर काय होणार?

उपाय साधा आहे. तोंड पाण्यात असताना नाका-तोंडाने बुडबुडे काढत श्वास पूर्ण सोडायचा. मान वळवली की फक्त घ्यायचा. डोळे तळाकडे, टाळू पुढच्या भिंतीकडे. आठवडाभर एवढंच करा. लोक नवा गॉगल घेतात, नवी कॅप घेतात, नवा कॉश्च्युम घेतात. हे फुकट आहे म्हणून कोणी घेत नाही.

दुसरी खोड एका दमात किलोमीटर मारण्याची. गरज नाही. ५० मीटर पोहा, पंधरा-वीस सेकंद थांबा, पुन्हा ५०. चारचे सहा करा, सहाचे आठ. थांबताना कोपऱ्यात थांबा, भिंतीच्या मधोमध नको. महिनाभरात फरक जिन्यावर कळेल. लिफ्ट बंद पडलेल्या दिवशी तर नक्कीच.

सेकंद मोजायला घड्याळ लागतं. तलावावर घड्याळ असतं, पण ऑफिसच्या आत. ते बॅच संपल्याची शिट्टी मारण्यासाठी असतं.

पोहणं सर्वांगाला पुरतं, हेही अर्धसत्यच. हाडांना भार लागतो आणि पाणी तोच काढून घेतं. म्हणून चाळिशीनंतर, विशेषतः बायकांनी, पोहण्याच्या जोडीला थोडं वजन उचलायला हवं, थोडं चालायला हवं. आणि गेटबाहेरच्या गाडीवर थांबायचं नाही. पाण्यातून निघालं की भूक सपाटून लागते. अर्धा तास घासून पोहल्याची कमाई दोन वडापाव पाच मिनिटांत परत घेतात.

आता मुद्द्यावर. फेऱ्या मारायच्या तर वाट हवी. वाट म्हणजे लेन. लेन म्हणजे दोर. बहुतेक तलावांकडे दोर आहेत. स्पर्धेच्या दिवशी ते निघतात, आठही लेन रंगीबेरंगी सजतात, प्रमुख पाहुणे फीत कापतात. दुसऱ्या दिवशी दोर पुन्हा गुंडाळून स्टोअर रूममध्ये.

पाहुणे पोहत नाहीत. रोजचे सभासद पोहतात. दोर पाहुण्यांसाठी.

दोर नसले की काय होतं? एक जण उभा पोहतो, दुसरा आडवा, तिसरा तिरका. मध्येच एक काका पाठीवर पडून डोळे मिटून तरंगत येतात आणि कुणाच्या तरी डोक्यावर आपटतात. कठड्यावरून कॉलेजातला पोरगा मुटका मारतो. त्याच्या चार फुटांवर कालच फ्लोट सोडलेली बाई जीव मुठीत धरून पोहत असते. तिने उद्या पुन्हा यावं, असं आपलं म्हणणं असतं.

जगभर फेऱ्यांच्या लेनचे नियम पोस्टकार्डावर मावतील एवढेच आहेत. हळू, मध्यम, वेगवान अशा लेन वेगळ्या. लेनमध्ये गोल फिरत पोहायचं, आपल्याकडे रस्त्यावर डावीकडून चालतो तसं डाव्या बाजूने. मागच्याने पायाला हात लावला तर पुढच्या भिंतीशी थांबून त्याला पुढे जाऊ द्यायचं. दम खायचा तो कोपऱ्यात. इतकं पाळलं तर एका लेनमध्ये पाच-सहा जण निवांत पोहतात.

मागच्याला वाट देणं आपल्याला रस्त्यावरही जमत नाही, हे मान्य. निदान पाण्यात हॉर्न नाही. सुरुवात तिथून करायला काय हरकत आहे?

आता बायकांचं. महिलांची खास बॅच बहुतेक ठिकाणी असते. कधी? सकाळची गर्दी सरल्यावर किंवा भर दुपारी. त्या वेळी नोकरी करणारी बाई कुठे असते, हे वेळापत्रक करणाऱ्याला खरंच ठाऊक नाही? त्याच्या स्वतःच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर तीच बसलेली असते.

मग अहवालात लिहिलं जातं, महिलांचा प्रतिसाद अल्प.

कपड्यांवरून कुजबुज वेगळीच. नियमाचं कारण कापडात आहे, अंगात नाही. सुती कपडा पाणी पितो, जड होतो, त्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात. म्हणून नायलॉन किंवा लायक्रा. तो पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा असला तरी पाण्याची तक्रार नसते. तक्रार असते ती गॅलरीत बसून बघणाऱ्यांची. त्यांना तिथे बसायचं तिकीट कोणी दिलं?

पंचेचाळीसच्या बाईला पोहता येत नाही, यात नवल काय? गावात पोरं पाठीला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधून विहिरीत शिकली. पोरी त्याच विहिरीवर पाणी शेंदत होत्या. आणि कित्येक घरांतल्या पोरांनासुद्धा ती विहीर बंद होती. ज्या राज्यात पाण्याला हात लावायच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तिथे ‘सार्वजनिक तलाव’ ही पाटी किरकोळ मानायची नसते. कोण पाण्यात उतरतं आणि कोण काठावर राहतं, हे इथे नेहमीच कुणीतरी ठरवत आलं आहे.

आज ते वेळापत्रक ठरवतं.

म्हणून मोठ्यांची शिकवणी हवी. मुलांची असते, मोठ्यांची शोधावी लागते. चाळिशीतला माणूस कोचला विचारतो, तर कोच म्हणतो, काका, बाजूला करत राहा. काय करत राहू? तेच तर शिकायला आलोय.

एप्रिल उजाडला की तलावावर मुलांचा पूर येतो. एकवीस दिवसांचं शिबिर. यायलाच हवीत मुलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यात लहान मुलं फार. पोहणं शिकवणं म्हणजे जीव वाचवणं. त्यावर वाद नाही.

वाद पुढच्या गोष्टीवर. एकवीस दिवसांत पाण्याची भीती जाते, पोहण्याला तिथून सुरुवात होते. मग जूनपासून ही मुलं कुठे जातात? क्लासला. तलाव पावसाळाभर अर्धा रिकामा. आणि वर्षाची फी भरलेले मोठे सभासद मे महिनाभर काठावर उभे. सराव कुणाचाच पुरा होत नाही. शिबिराचा आकडा मात्र पुरा होतो.

पाण्याकडे वळू. तलावावर गेलं की तो परिचित वास येतो आणि लोक समाधानाने म्हणतात, क्लोरीन भरपूर टाकलंय, पाणी स्वच्छ आहे. अगदी उलटं. तो झोंबणारा वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम, तेल आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, त्यांचा असतो. डोळे लाल होतात तेही त्यांच्यामुळे.

वास जितका उग्र, माणसं तितकी आंघोळ न करता उतरलेली.

लघवीचा विषय निघाला की सगळे मुलांकडे बोट दाखवतात. शरीरशास्त्र मोठ्यांकडेही दाखवतं. पाण्यात उतरलं की दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, मूत्रपिंड कामाला लागतं. लागते, हे नैसर्गिक आहे. बाहेर येऊन वीस पावलं न चालणं नैसर्गिक नाही. उतरण्याआधी जाऊन या. मग शॉवरखाली एक मिनिट नीट अंग चोळा. एका मिनिटात अंगावरची बहुतेक घाण निघते. पाण्याला बोटं लावून डोक्यावर शिंपडणं म्हणजे शॉवर नव्हे.

शॉवर बंद असेल तर? तर तक्रार करा. ते चालू ठेवणं तलाव चालवणाऱ्याचं काम आहे. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ दरम्यान राखणं, क्लोरीन दिवसातून अनेकदा तपासणं, हेही त्याचंच काम. हे आकडे रोज फळ्यावर खडूने लिहायला किती खर्च येतो? फळा असतोच. त्यावर ‘सूर मारू नये’ असं लिहिलेलं असतं.

प्रवेशासाठी वैद्यकीय दाखला लागतो. चांगला नियम. पण दाखला मिळतो कसा? कंपाउंडर फॉर्म पुढे करतो, डॉक्टर सही करतात, नळी कानाला लागतही नाही. पन्नाशीचा, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस पहिल्याच दिवशी पोराशी शर्यत लावतो. तपासणी त्या कागदासाठी नाही, त्या माणसासाठी आहे.

आणि जीवरक्षक. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याला श्वास घ्यायला सवड नसते, आवाज कुठून काढणार? तो गप्प बुडतो, कधीकधी दोन हातांवर. म्हणून काठावर नजर लावून बसलेला माणूस लागतो. त्याच्या हातात मोबाइल असेल तर तो बसला काय आणि नसला काय.

तलाव म्हणजे पाण्याची उधळपट्टी, असाही सूर उन्हाळ्यात लागतो. हिशेब करू. ५० मीटर लांब, २५ रुंद, सरासरी २ मीटर खोल. झाले २५ लाख लिटर. आकडा ऐकून छाती दडपते. पण हे पाणी रोज बदलत नाहीत. तेच फिल्टरमधून फिरत राहतं, भर घालावी लागते ती वाफेची, सांडलवंडीची आणि फिल्टर धुतल्याची. टंचाईत तलाव बंद करावा लागला तर करा, पिण्याचं पाणी आधी. पण मग फुटलेली जलवाहिनी दोन-दोन दिवस रस्त्यावर वाहते, तिलाही त्याच तत्परतेने टाळं लावा.

ऑक्टोबर २०२३मध्ये दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात मगरीचं पिल्लू सापडलं. देशभर बातमी झाली, पिल्लू वन विभागाकडे गेलं, विषय संपला.

तलावाची बातमी व्हायला मगर लागते. बंद पडलेला फिल्टर, तुटलेली फरशी, दुरुस्तीच्या नावाखाली महिनोन्‌महिने कुलूप, याची बातमी होत नाही.

पदक आलं तरच आणखी एक बातमी होते. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१०मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकलं. १९८६च्या खजान सिंग यांच्या रौप्यानंतर पोहण्यातलं भारताचं ते पहिलं आशियाई पदक. मध्ये २४ वर्षं गेली. पदकासाठी तलाव हवेत, हे तेव्हा प्रत्येक भाषणात ऐकलं. साखर, रक्तदाब आणि कंबरदुखी घेऊन जगणाऱ्या लाखो बिनपदकवाल्यांसाठी तलाव हवेत, हे कोणत्या भाषणात ऐकलंत?

त्यांची संख्या मतदार यादीत मोजली जाते. तलावावर नाही.

मागणी मोठी नाही. एक, प्रत्येक बॅचला किमान एक लेन दोर लावून फक्त फेऱ्या मारणाऱ्यांसाठी, मे महिन्यातसुद्धा. दोन, महिलांसाठी आणि शिकणाऱ्या प्रौढांसाठी बॅच सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सातनंतर. तीन, पाण्याच्या तपासणीचे आजचे आकडे दारावर. चार, उभ्या शिडीशिवाय पाण्यात उतरायची एक तरी वाट.

यातल्या कशासाठीही नवा तलाव बांधावा लागत नाही. पहिल्या तिन्हींसाठी तर निविदासुद्धा काढावी लागत नाही.

म्हणून तर अडलं नसेल ना?

तोवर आपण आपल्या हातातलं करू. वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या, एकट्याने नको, बॅचच्या वीस सह्यांनिशी. पोच घ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. दोर स्टोअर रूममध्ये आहे, किल्ली ऑफिसात आहे, ऑफिसात माणूस आहे. फक्त त्याला कोणी विचारलेलं नाही.

आणि भिंतीला टेकलेल्या सहा जणांनो, पार्किंगचं काय ते बाहेर ठरवा. मागून माणूस येतोय.